ठिणगीआधीची तालीम

दोन धातूंच्या कडा वितळवून, बहुधा त्यांत त्याच जातीच्या धातूची थोडी भर घालून, थंड होताना त्या एकजीव व्हाव्यात अशी व्यवस्था करणे म्हणजे वेल्डिंग. आणि त्यासाठी लागणारी उष्णता जेव्हा हवेची चिमूटभर फट ओलांडून जाणाऱ्या विजेच्या प्रखर ज्योतीतून मिळवली जाते, तेव्हा त्या ज्योतीला आर्क आणि त्या पद्धतीला आर्क वेल्डिंग म्हणतात. निकोलाय बेनार्दोस याने १८८१ मध्ये कार्बनच्या कांडीने असा आर्क पेटवून धातू जोडून दाखवले, १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह याने कार्बनच्या जागी स्वतः वितळून जोडात मिसळणारी धातूची कांडी आणली, आणि १९०४ मध्ये ईसाब ही कंपनी स्थापणाऱ्या स्वीडनच्या ऑस्कर शेलबेरी याने त्या कांडीवर खनिजांचा लेप चढवला, जो जळताना वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो. भोसरीच्या शेडमध्ये किंवा तालुक्याच्या गावी ग्रिल-गेट बनवणाऱ्या दुकानात ज्याला नुसते ‘रॉड’ म्हणतात, तो या लेप चढवलेल्या कांडीचाच वंशज होय. वीज पुरवणारी यंत्रे मधल्या काळात अवजड ट्रान्सफॉर्मरपासून खांद्याला अडकवून नेता येणाऱ्या इन्व्हर्टरपर्यंत आली. मात्र रॉड धरणाऱ्या हाताला जे शिकावे लागते ते फारसे बदलले नाही, आणि ते शिकण्याची रीतही कालपरवापर्यंत एकच होती, ती म्हणजे उस्तादाच्या शेजारी उभे राहून भंगारातल्या पट्ट्यांवर रॉड जाळत राहणे.

या रीतीला पर्याय म्हणून नव्हे तर तिची पहिली पायरी म्हणून, साधारण २००९ पासून वेल्डिंगचे सिम्युलेटर बाजारात रुळू लागले. सिम्युलेटर म्हणजे प्रत्यक्ष काम न करता त्या कामाचा आभास निर्माण करणारे आणि आभासातली हालचाल मोजणारे यंत्र. अमेरिकेतील लिंकन इलेक्ट्रिकचा व्हर्टेक्स, ऑस्ट्रियातील फ्रोनियसचे व्हर्च्युअल वेल्डिंग, स्पेनमधील सीबेरीचा सोल्डामॅटिक आणि भारतात चेन्नईच्या स्किलवेरी या कंपनीने तयार केलेली यंत्रे ही त्यांपैकी ठळक नावे. ही यंत्रे प्रथम मोठ्या कारखान्यांच्या व तंत्रशाळांच्या प्रशिक्षण विभागांत गेली, परंतु त्यांचा खरा कस लागतो तो सामाईक कार्यशाळेत, म्हणजे अनेक जणांनी वर्गणी भरून किंवा एखाद्या संस्थेच्या आधाराने मिळून वापरायच्या, यंत्रे एकाच्या मालकीची नसलेल्या कारखानावजा जागेत, जिथे शिकायला येणारा माणूस विद्यार्थी, शेतकरी, शिल्पकार किंवा निवृत्त बँक कर्मचारी यांपैकी कोणीही असू शकतो. असे का, हे कळण्यासाठी वेल्डिंग करताना हाताला नेमके काय करावे लागते ते आधी नीट पाहणे भाग आहे.

लेपाच्या रॉडने काम करताना रॉडचे टोक आणि ‘जॉब’, म्हणजे ज्यावर काम चालले आहे तो लोखंडी भाग, यांच्यातील अंतर रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीइतके, म्हणजे नेहमीच्या मापांत जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर राखावे लागते. ते वाढले की आर्क भरकटतो, ठिणग्या चौफेर उडतात, जोड पसरट होतो आणि त्यात हवेची छिद्रे राहतात; ते घटले की रॉड जॉबला चिकटून बसतो आणि नवशिक्या तो उपटण्यासाठी होल्डरशी, म्हणजे रॉड धरणाऱ्या पकडीशी, झोंबी खेळू लागतो. अडचण अशी की रॉड प्रत्येक क्षणाला जळून आखूड होत असतो, त्यामुळे अंतर कायम ठेवायचे तर हात सतत खाली उतरत राहिला पाहिजे आणि त्याच वेळी तो जोडाच्या रेषेवरून ठरावीक वेगाने पुढेही सरकला पाहिजे. म्हणजे एकाच हाताने दोन दिशांना दोन वेगळ्या वेगांनी जायचे, आणि तेही रॉडचा पुढे-मागे व दोन्ही बाजूंना असलेला कल न बदलता. वेग जास्त झाला तर धातूची रेघ, जिला कारागीर ‘रन’ म्हणतात, बारीक दोरीसारखी वर बसते आणि खाली मुरत नाही. वेग कमी झाला तर रस साचून कडेने ओघळतो. कोन चुकला तर एका पत्र्याची कड खरवडल्यासारखी खोलगट होते, ज्या दोषाला अंडरकट असे नाव आहे. अंतर, वेग, पुढचा-मागचा कोन, बाजूचा कोन आणि रेषेवरील नेम या पाच गोष्टी हाताने एकाच वेळी सांभाळायच्या असतात, आणि काळ्या काचेआडून डोळ्याला या सगळ्यापैकी दिसते ती फक्त आर्कखालची वितळलेल्या धातूची छोटी तळी, तीही नवशिक्याला दिसत नाही, कारण त्याची नजर ज्योतीच्या झगमगाटावरच खिळलेली असते.

पूर्वीच्या शिकणाऱ्याची बहुतेक शक्ती या पाच गोष्टींच्या गुंत्यातच खर्च होत असे, आणि त्यातून नेमकी कोणती चुकली हे त्याला कळतही नसे, कारण जोड थंड झाल्यावर लेपाच्या राखेचे कवच, म्हणजे स्लॅग, हातोडीने उडवून पाहिले तरी समोर दिसतो तो परिणाम; त्याचे कारण सांगायला उस्ताद लागतो आणि उस्ताद त्या वेळी दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचा रॉड सोडवत असतो. सव्वा-दीड मिनिटात एक रॉड संपतो, पट्टी कापणे, घासणे, बसवणे आणि थंड होण्याची वाट पाहणे यांत त्याच्या अनेकपट वेळ जातो, आणि एका बूथमागे, म्हणजे वेल्डिंगसाठी आडोसा केलेल्या एका जागेमागे, अनेक शिकाऊ उभे असतील तर दिवसाकाठी प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्ष आर्कची मोजकीच मिनिटे येतात. जुने उस्ताद यावर उपाय म्हणून वीज बंद ठेवून रॉड नुसता रेषेवरून फिरवायला लावत, किंवा होल्डरमध्ये पेन्सिल धरून पाटीवर वर्तुळे गिरवून घेत. सिम्युलेटरची मूळ कल्पना त्या पेन्सिलीत आहे, फक्त पेन्सिलीला मोजमाप करता येत नव्हते.

आजच्या यंत्राची रचना थोडक्यात अशी असते. शिकणाऱ्याच्या हाती खऱ्या होल्डरच्या किंवा टॉर्चच्या आकाराचे व साधारण त्याच वजनाचे साधन दिले जाते, डोक्यावर वेल्डिंगचे हेल्मेट असते आणि त्याच्या काचेच्या जागी दोन बारीक पडदे असतात; समोर लोखंडाऐवजी प्लास्टिकचा कोपऱ्याचा किंवा सपाट तुकडा बसवलेला असतो. हाताची जागा ओळखण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत मेजाजवळ सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण करून त्यातील संवेदकांवरून होल्डर व हेल्मेट कोठे आणि कोणत्या कलाने आहेत ते काढले जाते. दुसऱ्या पद्धतीत हेल्मेटवरील कॅमेरे प्लास्टिकच्या तुकड्यावर व टॉर्चवर छापलेल्या चौकडीच्या खुणा वाचतात आणि समोरच्या खऱ्या दृश्यावरच खोटा आर्क रेखाटतात, ज्याला मिश्र किंवा संवर्धित वास्तव म्हणतात. लेपाच्या रॉडची नक्कल करणाऱ्या साधनात रॉड जळाल्याप्रमाणे हळूहळू आत ओढून घेणारी यंत्रणा असते, कारण तिच्याशिवाय हात खाली उतरवत राहण्याची सवय लागणारच नाही. मिळालेल्या हालचालीवरून संगणक उष्णतेचे सोपे गणित मांडतो आणि तळी किती रुंद होईल, कोठे अंडरकट पडेल, कोठे छिद्रे राहतील हे त्याच क्षणी चित्ररूपाने दाखवतो. कानातला आवाजही बदलतो: अंतर योग्य असेल तर कढईत भजी तळताना येतो तसा अखंड चुरचुराट, वाढले तर घोघावणारा, तुटक आवाज, आणि हे गौण नाही, कारण तयार वेल्डर डोळ्याइतकाच कानानेही आर्क सांभाळतो. काम संपल्यावर पडद्यावर पाचही गोष्टींचे आलेख आणि गुण दिसतात, तसेच कोणत्या सेंटिमीटरवर हात घाबरला तेही दिसते.

हाताला यंत्राकरवी वळण लावण्याचा प्रयत्न मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे वडिलांच्या पियानो व ऑर्गनच्या कारखान्यात वाढलेल्या एडविन लिंक याने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून १९२९ मध्ये जमिनीवरच झुकणारे, वळणारे विमानाचे छोटे खोके बनवले. सुरुवातीला ते जत्रेतील करमणूक म्हणून खपले, १९३४ मध्ये टपाल वाहताना लष्करी वैमानिक एकामागून एक मृत्युमुखी पडले तेव्हा अमेरिकी सैन्याने अशी सहा खोकी विकत घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी त्यांत बसून ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे धडे घेतले. त्याच सुमारास, १९२० च्या दशकात, मॉस्कोत अलेक्सेय गास्तेव्ह याच्या केंद्रीय श्रम संस्थेत छिन्नी-हातोड्याचे काम शिकवण्यासाठी शिकणाऱ्याचा हात यंत्राने हलणाऱ्या हातोड्याला जोडून त्याच्या अंगात ठेका भिनवण्याचे प्रयोग चालले होते. खास वेल्डिंगसाठी कीव्हच्या पातोन इलेक्ट्रिक वेल्डिंग संस्थेने १९८० च्या दशकात फार कमी प्रवाहाच्या ठिणगीवर चालणारे सराव-यंत्र तयार केले, ज्यात अंतर व कोन चुकल्याची सूचना शिकणाऱ्याला तत्काळ मिळे.

गास्तेव्हच्या संस्थेतूनच या सगळ्या विषयावर सर्वांत मोलाचा प्रकाश पडला, आणि तो संस्थेच्या मूळ हेतूच्या उलट दिशेने पडला, ही मौजेची बाब आहे. निकोलाय बर्नस्टाइन या तरुण शास्त्रज्ञाने तेथे हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या सांध्यांवर लहान दिवे लावून त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. एकच आदर्श हालचाल शोधून ती सर्वांना घोटवायची असा बेत होता. पण चित्रांत असे दिसले की हातोड्याचे टोक दरवेळी अचूक त्याच जागी पडत असले तरी खांदा, कोपर आणि मनगट दरवेळी थोडे निराळे वागतात, आणि एकाची चूक दुसरा सांधा भरून काढतो. कौशल्य ठरीव हालचालीत नसून दरवेळी नव्याने तेच साध्य गाठण्यात असते, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मानला तर शिकणाऱ्याचा हात यंत्राला बांधून ठेवणे व्यर्थ ठरते. वेल्डिंगच्या सिम्युलेटरची किंमत याच कसोटीवर ठरवायला हवी: तो हाताला मोकळा सोडून परिणाम दाखवत असेल तर उपयोगी, आणि हिरव्या बाणांच्या मागे हात फरफटत नेत असेल तर गास्तेव्हचा हातोडाच.

हिरव्या बाणांचा उल्लेख येथे वाच्यार्थाने केला आहे. बहुतेक यंत्रांत पडद्यावर खुणा दिसतात; वेग बरोबर असेल तर खूण हिरवी, जास्त असेल तर पिवळी, हाताबाहेर गेला तर लाल. शिकाऊ त्या खुणा पाहून काही तासांतच उत्तम गुण मिळवतो आणि सर्वांना आनंद होतो, परंतु खुणा बंद केल्यावर तोच हात पुन्हा डगमगतो, कारण तो तळीकडे पाहायला शिकलेलाच नसतो, खुणांकडे पाहायला शिकलेला असतो. मानसशास्त्रात हा धोका सिम्युलेटरच्या आधीपासून ठाऊक आहे: सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये हालचालींच्या शिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेऊन असे मांडले की सतत मिळणारी दुरुस्तीची सूचना सरावापुरती कामगिरी उंचावते, मात्र तिची कुबडी होते आणि ती काढून घेतल्यावर टिकणारे शिक्षण कमी झालेले आढळते. म्हणून चांगला शिक्षक पहिल्या काही बैठकांत एकेकच खूण दाखवतो, आज फक्त अंतर, उद्या फक्त वेग, आणि लवकरच सगळ्या बंद करून गुण शेवटी दाखवतो. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हे कधी दिसत नाही, कारण खुणा चालू असतानाच यंत्र आकर्षक दिसते.

सिम्युलेटरने खरोखर फायदा होतो काय, याचे उत्तर अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात रिचर्ड स्टोन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात मिळते, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नवशिक्यांच्या एका गटाला पूर्ण वेळ बूथमध्ये आणि दुसऱ्याला निम्मा वेळ सिम्युलेटरवर व निम्मा वेळ बूथमध्ये शिकवले गेले, आणि मग दोघांकडून प्रमाणपत्राच्या परीक्षेचे खरे जोड करून घेतले गेले. मिश्र गट मागे तर पडला नाहीच, उलट सरस ठरला, आणि त्याचा लोखंडावरील व रॉडवरील खर्चही कमी झाला. पुढच्या अभ्यासात जेव्हा संपूर्ण शिक्षण सिम्युलेटरवरच देऊन पाहिले, तेव्हा सोप्या व मध्यम जोडांपर्यंत ते चालून गेले, पण अवघड जोडाला पोचल्यावर निम्मे-निम्मे शिकलेल्यांची सरशी झाली. सहभागींची संख्या लहान असल्याने या निष्कर्षांवर फार मोठा इमला रचू नये. तरीही त्यांची दिशा कारागिरांच्या अनुभवाशी जुळते. सपाट मेजावरचा जोड हा बहुतांशी हाताचा प्रश्न असतो. उभ्या जोडात रस खाली ओघळू पाहतो, डोक्यावरच्या जोडात तो अंगावर पडू पाहतो, आणि पंचेचाळीस अंशांत घट्ट बसवलेल्या नळीभोवती फिरून करायच्या, ‘सिक्स जी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेत शरीराला एकाच फेरीत या सगळ्या अवस्थांतून जावे लागते. तेथे प्रश्न धातूचा होतो.

धातू म्हणजे जे सिम्युलेटरमध्ये नाही ते सगळे. त्यात गंज नाही, रंग नाही, तेलाचा डाग नाही, पावसाळ्यात ओल धरलेला रॉड नाही. दोन पत्र्यांमधली फट एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला तीन मिलिमीटर नाही. टाके, म्हणजे जॉब जागेवर धरून ठेवणारे छोटे प्राथमिक जोड, चुकीच्या क्रमाने मारल्यामुळे उष्णतेने वाकून गेलेली चौकट नाही, आणि लहान दुकानात वेल्डरचा निम्मा जीव तर या वाकण्याला आधीच हिशेबात धरण्यातच जातो. ग्राइंडरने कड तिरकी करणे, गुण्यात बसवणे, अर्थिंगचा क्लॅम्प नीट पकडणे, जस्ताचा मुलामा असलेला पत्रा ओळखून तो आधी घासून काढणे, ही कामे कोणत्याही पडद्यावर येत नाहीत, कारण ती आर्क पेटण्याच्या आधी संपलेली असतात. साखर कारखान्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. गाळपाच्या काळात ऊस घसरू नये म्हणून मिलच्या बिडाच्या रोलरच्या दात्यांवर वेल्डिंगचे छोटे थेंब बसवून पृष्ठभाग खरबरीत ठेवावा लागतो, ज्याला रोलर आर्किंग म्हणतात, आणि हे काम मिल चालू असताना, रोलर फिरत असताना, रसाने भिजलेल्या बिडावर केले जाते. पाच आलेखांत उत्तम गुण मिळवलेला हात या जागी पहिल्या दिवशी काहीही करू शकणार नाही, आणि त्याला तेथे उभे करणेही गुन्हा ठरावा. पण ज्याच्या हाताला अंतर आणि वेग यांचा विचारच करावा लागत नाही, त्याचे सगळे लक्ष फिरत्या रोलरसाठी आणि स्वतःच्या जिवासाठी मोकळे राहते. सिम्युलेटरचे श्रेय इतकेच आहे आणि ते कमी नाही.

घाईने घडवलेल्या वेल्डरांच्या फौजेचा इतिहास या बाबतीत सावध करतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी मालवाहू जहाजे बांधली, तीही रिव्हेट ठोकण्याऐवजी वेल्डिंगने, आणि त्यासाठी गोद्यांमध्ये पूर्वी कधी रॉड न धरलेल्या हजारो स्त्री-पुरुषांना थोडक्या मुदतीत तयार केले. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंड येथे धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले स्कनेक्टडी हे नवे तेलवाहू जहाज प्रचंड आवाज होऊन मधोमध दुभंगले, आणि इतर काही जहाजांनाही मोठ्या भेगा पडल्या. संशयाची सुई आधी नवख्या वेल्डरांकडे वळली, आणि काही जोड सदोष होतेही. पण पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले की त्या काळचे पोलाद थंडीत ठिसूळ होत होते, आणि रिव्हेटच्या जहाजात जी भेग एका पत्र्याच्या कडेशी थांबली असती ती सलग वेल्डिंगच्या जहाजात थेट पुढे धावत गेली. म्हणजे हात कितीही तयार केला तरी धातू आणि रचना कळणारे डोके कोठेतरी असावे लागते, आणि ते प्रशिक्षणाच्या जागेपासून फार दूर असून चालत नाही.

सामाईक कार्यशाळेचे महत्त्व येथेच येते. अमेरिकेत २००६ मध्ये मेन्लो पार्क येथे सुरू झालेल्या टेकशॉपने वर्गणीदारांना लेथपासून वेल्डिंगपर्यंतची यंत्रे खुली केली होती, आणि प्रत्येक यंत्रासाठी आधी सुरक्षिततेचा वर्ग पूर्ण करण्याची अट घातली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत जाऊन एका दिवसात बंद पडली, यावरून अशा जागेचा खर्च नुसत्या वर्गणीतून भागवणे किती कठीण आहे हे दिसते. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेली मेकर्स असायलम ही अशीच कार्यशाळा पुढे गोव्यात गेली. महाराष्ट्राचा या विचाराशी असलेला संबंध मात्र याहून जुना आणि अधिक खोल आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम उभा केला, तो शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान कळते या विश्वासावर. तेथे मुले वेल्डिंग शिकतात ती गावाला लागणाऱ्या वस्तू बनवत. जोड तुटला तर वस्तू घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो, आणि परीक्षकाच्या गुणांपेक्षा हा न्याय कडक असतो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या नील गेर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅबची, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या छोट्या यंत्रांनी जवळपास काहीही बनवता यावे अशा खुल्या प्रयोगशाळेची कल्पना मांडली, तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये याच पाबळला आली, हा योगायोग नव्हता.

अशा जागेत वेल्डिंगचा बूथ हा सर्वांत अडचणीचा कोपरा असतो. त्याला धूर ओढणारा पंखा लागतो, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराची गणना मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली आहे; शेजारी काम करणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी पडदे लागतात, पुरेसा वीजभार लागतो, लाकूडकामाच्या भुशापासून अंतर लागते आणि लक्ष ठेवणारा माणूस लागतो. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला की त्याचा त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी रात्री डोळे चुरचुरू लागतात आणि उघडवत नाहीत. आपल्याकडे त्यावर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून रात्र काढण्याची परंपरा आहे, आणि ती टिकून आहे यातच हेल्मेटची हेळसांड किती मुरली आहे ते दिसते. सिम्युलेटरला यांपैकी काहीच लागत नाही, एका साध्या प्लगवर तो सुताराच्या बाकाशेजारीही चालतो, आणि म्हणून बूथसमोरची रांग दोन भागांत वाटता येते: ज्याला रॉड धरायचा कसा हेच कळत नाही तो पडद्यासमोर, आणि ज्याचा हात थोडा स्थिरावला तो आर्कसमोर. बूथचे मोलाचे तास रॉड चिकटवण्यात आणि उपटण्यात वाया जात नाहीत. शिवाय जी माणसे एरवी त्या कोपऱ्याकडे फिरकतच नाहीत, ठिणगीच्या भीतीने किंवा ‘हे आपले काम नव्हे’ या समजुतीने, आणि ज्यांत मुलींची संख्या मोठी असते, त्यांना पहिले पाऊल टाकायला ही बिनधुराची, बिनहशाची जागा मिळते; चुकलेला जोड एका बटणाने पुसला जातो, आणि तो भिंतीवर टांगून कोणी चेष्टा करत नाही.

मात्र दोन्ही जागा एका छपराखाली, हाकेच्या अंतरावर असल्या पाहिजेत. पडद्यावर अर्धा तास कोपऱ्याचा जोड घोटला की लगेच उठून खऱ्या पट्टीवर तोच जोड करायचा, स्लॅग उडवायचा, जोड व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडायचा, मोडलेल्या भेगेत आत काय झाले ते पाहायचे, आणि मग परत येऊन आलेखात त्याचे कारण शोधायचे, अशी ये-जा झाली तरच गुणांचा आणि धातूचा संबंध जुळतो. या ये-जेसाठी लागणारा माणूस यंत्रात बसवून मिळत नाही. आज सरकारी योजनांतून आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून लाखांच्या घरातील सिम्युलेटर घेतले जातात तेव्हा ते वातानुकूलित ‘व्हीआर लॅब’मध्ये, बूथपासून वेगळ्या मजल्यावर, कुलुपात ठेवण्याकडे कल असतो, उद्घाटनाच्या छायाचित्रात ते उठून दिसतात आणि वर्षभरात त्यांच्या हेल्मेटवर धूळ बसते, वेल्डिंग शिकवणाऱ्याची जागा मात्र रिकामी किंवा तासिका तत्त्वावर राहते. स्वयंचलित यंत्रमानव आल्यावर वेल्डरच लागणार नाही, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद येथे गैरलागू आहे, कारण एकसारखे हजारो जोड लागणाऱ्या मोटारींच्या कारखान्यात तो खरा असला तरी ट्रॉलीचा तुटलेला हुक, शेडचा गंजलेला खांब आणि बॉयलरची गळकी नळी हे जोड दोनदा सारखे नसतात.

म्हणून ज्या ग्रामपंचायती, महाविद्यालये, सहकारी साखर कारखाने किंवा तरुणांचे गट अशी कार्यशाळा उभारू पाहत असतील, त्यांनी खरेदीचा क्रम उलटा लावावा: आधी दोन चांगले बूथ आणि धुराचा पंखा, मग स्वतः जोड करता येणारा आणि दुसऱ्याचा जोड मोडून दाखवणारा एक पूर्णवेळ उस्ताद, आणि पैसे उरले तरच सिम्युलेटर, जो त्या उस्तादाच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावा आणि ज्याच्या खुणा केव्हा बंद करायच्या ते त्यालाच ठरवू द्यावे. ज्या प्रस्तावात यंत्राची किंमत आहे पण या माणसाचा पगार नाही, तो प्रस्ताव मंजूर करू नये.